लेथवरच्या छंदाला धातू तुकड्याने मिळावा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

घरी छोटा लेथ (धातू फिरवत कापायचे यंत्र) बसवून वाफेच्या इंजिनांची मॉडेल, घड्याळांचे भाग, जुन्या सायकलींचे न मिळणारे सुटे भाग बनवणारी मंडळी पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात आहेत. त्यांत निवृत्त टर्नर-फिटर आहेत, अभियांत्रिकीची मुले आहेत, यंत्रांशी ज्यांच्या नोकरीचा काडीचा संबंध नाही असेही आहेत. लेथचा खर्च एकदाच होतो. धातूचा मात्र प्रत्येक कामाला होतो, आणि तो वाढतो तो मुख्यतः लागेल तेवढा तुकडा विकत मिळत नाही म्हणून. व्यापाऱ्यांचे आणि छोट्या कारखानदारांचे याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

हिशेबच मांडतो. २० मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) एका आडव्या वाफेच्या इंजिनाला काय लागते? फ्लायव्हीलसाठी ७५ व्यासाच्या लोखंडी बारातला २० मिलिमीटरचा काप, सिलिंडरसाठी ३२ व्यासाच्या पितळी रॉडमधले ४० मिलिमीटर, बेससाठी १०० बाय ८० ची १२ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी आणि क्रँकशाफ्टला ८ मिलिमीटरचा वीतभर ब्राइट बार (थंड ओढलेला, चकचकीत बार). गोल लोखंडाचे मीटरला किलोतले वजन काढायचे सूत्र प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ असते: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. पितळेला १६२ च्या जागी १५० घ्यायचे, ॲल्युमिनियमला ४७०. त्याप्रमाणे फ्लायव्हीलला सुमारे ६९५ ग्रॅम लोखंड लागते, सिलिंडरला २७३ ग्रॅम पितळ, आणि बेसला (पट्टी चपटी, म्हणून घनफळावरून) २६० ग्रॅम ॲल्युमिनियम. भाव रोज हलतात, पितळेचा तर तांब्यामागे पळतो. हिशेबापुरते किलोला लोखंड ७०, ॲल्युमिनियम ३५० आणि पितळ ६५० रुपये धरू. सगळा माल १८ टक्के जीएसटीसह चारशे रुपयांच्या आत बसतो.

आता बाजारात काय होते ते पाहा. पितळेचा रॉड अख्खाच घ्या म्हटले, तर ३ मीटरला साडेवीस किलो भरतात. म्हणजे करासह पंधरा हजारांच्या वर. एक फूट कापून देणारा भेटला तरी दोन किलोंचे सोळाशे रुपये होतात, आणि कामाचे आहेत त्यातले फक्त ४० मिलिमीटर. ७५ चा लोखंडी बार फूटभर घेतला तर साडेदहा किलो घरी येतात, वापरायचे असतात पाऊण किलोहून कमी. ऑनलाइन तुकडे मिळतात, पण तिथे कुरिअर वजनावर असते. मीटरभर लांब वस्तूला बहुतेक जण जादा आकार लावतात, म्हणून मागवायचेच तर ३०० मिलिमीटरच्या आतले तुकडे एकदम मागवावेत.

दुकानदाराची बाजूही खरी आहे. एक काप घ्यायचा तर माणूस गुंततो, बँडसॉचे (पट्ट्याच्या करवतीचे) ब्लेड झिजते, उरलेला अडीच मीटरचा बार पुढचा कारखानदार घेत नाही आणि चाळीस रुपयांच्या मालाचाही हिशेब ठेवावाच लागतो. म्हणून कटिंग चार्ज वेगळा लावणे पूर्णपणे रास्त आहे, आणि छंदिष्ट तो आनंदाने देईल. किमान अमुक किलो घ्यायलाच हवे, ही अट मात्र अडवणारी आहे.

दुसरी अडवणूक जीएसटी नंबरची. ‘नंबर नसेल तर माल नाही’ असे सर्रास ऐकवले जाते. नोंदणी नसलेल्या ग्राहकाला माल विकायला कायद्याची मनाई नाही. बिलावर ग्राहकाच्या नंबराची जागा कोरी राहते, एवढेच. दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल आणि नोंदणी नसलेल्या ग्राहकाने बिल मागितले नाही, तर वेगळे बिल करण्याचीही सक्ती नाही, दिवसअखेर सगळ्यांचे मिळून एक केले तरी चालते. ग्राहकानेही एक लक्षात ठेवावे. दुकानातला भाव ‘प्लस जीएसटी’ असतो. कारखानदाराला ते १८ टक्के क्रेडिटमध्ये परत मिळतात, आपल्याला मिळत नाहीत. विचारताना भाव करासकट आणि कटिंगसकट विचारावा.

आणि ज्या मालासाठी ही सगळी यातायात, तोच माल रोज भंगारात जातो आहे. पुण्याजवळच्या भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांमध्ये ट्रॉब बनावटीची स्वयंचलित लेथ यंत्रे आहेत. ए-२५ वर २५ मिलिमीटरपर्यंतचा बार चालतो, ए-४२ वर ४२ पर्यंत. बार कोलेटमधून (बार धरणाऱ्या पकडीतून) पुढे सरकत राहतो आणि शेवटचा, साधारण वीतभर तुकडा पुढे ढकलता येत नाही. तो काढून पिंपात टाकतात आणि चिपांबरोबर भंगारवाल्याला देतात. हा तुकडा बहुतेकदा ईएन-१-ए या सहज कापल्या जाणाऱ्या पोलादाचा किंवा फ्री कटिंग पितळेचा असतो, म्हणजे लेथवर सर्वांत सुरेख कापला जाणारा. व्यास १० ते ४० मिलिमीटर, नेमके छंदाच्या कामाचे. २० व्यासाच्या वीतभर ईएन-१-ए मध्ये एका इंजिनाचे पिस्टन, ग्लँड, बुश आणि नटबोल्ट निघतात. गाळेवाल्याने यंत्राशेजारी दोन डबे ठेवले, एक पितळेला, एक लोखंडाला, आणि डब्यावर ग्रेड खडूने लिहिली, तर भंगाराचा भाव आणि नव्या बाराचा भाव यांच्या मधली रक्कम त्याच्या पदरात पडेल. ग्रेड माहीत असलेला तुकडा आणि ग्रेड माहीत नसलेला तुकडा यांची किंमत एक नसते, म्हणून त्या खडूला महत्त्व.

ग्रेड माहीत नसल्याने जे होते ते सविस्तर सांगायला हवे, कारण स्वस्त धातू सर्वांत महाग पडतो तो इथे. बांधकामाची टीएमटी सळी कोपऱ्यावर मिळते म्हणून लेथला लावतात. तिची बाहेरची साल रोलिंगनंतर पाणी मारून कडक केलेली असते, गाभा मऊ असतो. एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलची धार त्या सालीवर पहिल्याच कापात बोथट होते. खिडकीच्या सेक्शनचे ॲल्युमिनियम ६०६३ ग्रेडचे, चिवट. ते टूलच्या टोकाला चिकटते आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा येतो. त्याऐवजी ६०६१ किंवा ६०८२ ‘टी-६’ (उष्णतेने कडक केलेले) मागावे. जुने दुकानदार यांनाच अनुक्रमे एचई-२० आणि एचई-३० म्हणतात, त्या नावाने विचारले की माल लगेच काढून देतात. साध्या एमएसला (माइल्ड स्टीलला) चांगले फिनिश येत नाही, लोखंड ओरबाडले जाते. शाफ्टला ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) घ्यावे. वेल्डिंग करायचे नसेल तिथे ईएन-१-ए. स्टेनलेसमध्ये चुंबक लावून ३०४ ओळखता येते हा समज मोडायला हवा. २०२ या स्वस्त ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून ३०४ चे पैसे देऊन २०२ घरी येऊ शकते.

काळा बार ब्राइटपेक्षा स्वस्त असतो, पण त्यावर रोलिंगची खपली असते. २५ तयार हवे असतील तर २८ चा घ्यावा आणि पहिला काप मिलिमीटरभर खोल, खपलीच्या खालून मारावा. वरवर खरवडले तर टूल त्या खपलीवरच घासून मरते. ब्राइट बार मापात असतो, बाहेरून लेथ न मारता वापरता येतो. त्याचा दोष वेगळा आहे. थंड अवस्थेत ओढल्यामुळे त्याच्या सालीत ताण असतो. एका बाजूने लांब की-वे (चावीची खाच) काढला किंवा पट्टीची एकच बाजू मिल केली की तो धनुष्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढावे, किंवा लांब आणि एका अंगाने कापायच्या कामाला काळा बारच घ्यावा.

कापण्याच्या पद्धतीलाही पैसे पडतात. बँडसॉमध्ये दीड मिलिमीटरच्या आसपास जाते, चॉप सॉच्या (घासून कापणाऱ्या चाकाच्या करवतीच्या) १४ इंची चाकात तीन. फरक तेवढ्यावर थांबत नाही. चॉप सॉने ईएन-८ किंवा ईएन-२४ कापले की टोक तापून निळे पडते आणि कडक होते. फेसिंगला (टोक सपाट करताना) टूल तिथे किंचाळते. त्यामुळे माल घेताना टोके पाहावीत, निळी असतील तर दोन्हीकडून दोन-तीन मिलिमीटर जास्त मागावेत आणि ग्राइंडरने ती साल काढूनच लेथला लावावे. बाराच्या ज्या टोकाला दुकानाने रंग दिलेला असतो ते टोक शेवटपर्यंत ठेवावे, कापत यावे ते दुसऱ्या टोकाकडून. रंगाचे टोक आधी कापले की उरलेला बार निनावी झाला. आणि रंगांचा अर्थ दुकानागणिक बदलतो, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्यावी.

फ्लायव्हील आणि सिलिंडरला बिडाची (कास्ट आयर्नची) आस असेल तर कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगावकडे फाउंड्रीवाले आहेत. लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) स्वतः करून दिला तर किलोवारी कास्टिंग मिळू शकते. पॅटर्न एक टक्का मोठा करावा आणि लेथ मारायच्या प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर जास्त ठेवावेत. पातळ कडा लवकर थंड होऊन काचेसारख्या कडक होतात, म्हणून आऱ्या नाजूक करू नयेत.

पितळेच्या चिपा फेकू नयेत. ३२ च्या रॉडमधून सिलिंडर काढताना बराच भाग चिपांत जातो. पितळ कापायच्या आधी लेथ पुसून घेतला आणि चिपांवरून चुंबक फिरवून लोखंड वेगळे केले, तर भंगारात त्यांना बऱ्यापैकी भाव येतो. लोखंड मिसळले की भंगारवाला भाव पाडतो. फ्री कटिंग पितळेत शिसे असते, तेव्हा हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये.

मुंबईतल्या गुलालवाडी, नवी मुंबईतल्या कळंबोली आणि भोसरीच्या धातू व्यापाऱ्यांनी, त्यांच्या संघटनांनी एवढे करावे: दुकानात एक फळी कट पीसची ठेवावी. प्रत्येक तुकड्यावर ग्रेड, वजन आणि कर धरून किंमत अशी चिठ्ठी असावी. भाव नव्या बारापेक्षा किलोला दहा-वीस टक्के चढा असला तरी चालेल. कापून द्यायचे काम आठवड्यातून एका ठरलेल्या दुपारी ठेवले तर माणूस रोज गुंतणार नाही. ती दुपार ठरेपर्यंत छंदिष्टांनी चार-पाच जणांत मिळून एक रॉड घ्यावा. ३ मीटरच्या पितळी रॉडचे बँडसॉवर दहा तुकडे करायला नऊ काप लागतात, त्यात सगळे मिळून चौदा मिलिमीटरसुद्धा वाया जात नाहीत. सगळे काप एका बैठकीत होत असल्याने दुकानदारही सहसा नाही म्हणत नाही.

आपला,
एक वाचक, पुणे