बंबाचे बिल कुणाच्या नावावर फाडायचे? पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

विषय : अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेचे शुल्क कुणाकडून, कधी आणि कशाच्या मोजमापावर घ्यावे याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गुऱ्हाळघरामागच्या चिपाडाच्या गंजीत ठिणगी पडली, तर धूर आधी दिसतो तो मालकाला नव्हे, रस्त्याने जाणाऱ्याला. तो फोन लावतो, वर्दी म्हणजे आगीची खबर लिहून घेतली जाते, बंब निघतो. हे गुऱ्हाळ महापालिकेच्या हद्दीबाहेर असेल, तर आग विझल्यावर एक कागद तयार होतो : शुल्काची मागणी. ती कुणाच्या नावाने? जागामालकाच्या, हंगामापुरते गुऱ्हाळ चालवायला घेतलेल्याच्या, की वर्दी देणाऱ्याच्या? रजिस्टरात नाव आणि मोबाईल नंबर असतो तो वर्दी देणाऱ्याचा. आपल्या नंबरावर बिलाचा फोन येईल, अशी नुसती शंका असली तरी माणूस आधी चार बादल्या मारून बघतो, मालकाला शोधतो, मग फोन करतो. यात दहा-पंधरा मिनिटे सहज जातात. चिपाडाच्या बाबतीत तेवढ्या वेळात आग वरून आत शिरते, आणि एकदा आत शिरली की नुसते पाणी मारून भागत नाही. वरचा थर भिजतो, आत धुमसत राहते. मग जेसीबी लावून गंजी फोडायची, पसरायची आणि थराथराने भिजवायची. अर्ध्या तासाचे काम रात्रभराचे होते.

हद्दीबाहेरच्या वर्दीला पैसे लावण्याची पद्धत राज्यातल्या नगरपालिका-महापालिकांत जुनी आहे. पद्धतीमागचा तर्क आम्हाला मान्य आहे : शहरातला माणूस घरफाळा (घरपट्टी) भरतो, त्यावर अग्निशमन केंद्र चालते, बाहेरच्याने फुकट का वापरावे? पण कोल्हापुरात 'बाहेरचा' म्हणजे कोण? महापालिका 1972 साली झाली. तेव्हाची 66.82 चौरस किलोमीटरची हद्द आजही तीच आहे. शहर मात्र उचगाव, पाचगाव, कळंबा, सरनोबतवाडी, शिरोली असे चहूबाजूंनी वाढले. गांधीनगरची कापडपेठ हद्दीबाहेर. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीही बाहेर. 2017 मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झाले, 42 गावे त्यात आली, महापालिकेच्या हद्दवाढीचा प्रश्न तसाच राहिला. त्या वादात आम्ही या पत्रात पडत नाही. एवढेच म्हणतो, की हद्दवाढ होईपर्यंत आगीने थांबायचे ठरवलेले नाही.

आता बिलाच्या मोजमापाकडे येऊ. दर लावताना किलोमीटर धरला जातो, कारण तो मीटरवर दिसतो. पण बंब हे टॅक्सीसारखे वाहन नाही. साधारण 4500 लिटर पाण्याचा एक बंब घटनास्थळी उभा राहिला, की त्याच इंजिनावर पंप चालतो. 63 मिलिमीटरचा होज म्हणजे पाण्याचा पाइप, त्याच्या तोंडाला 20 मिलिमीटर नोझलची ब्रँच, दाब 4 बारच्या आसपास ठेवला, तर एका लाइनमधून मिनिटाला 500 लिटरहून थोडे जास्त पाणी जाते. दोन लाइन लावल्या तर टाकी साडेचार मिनिटेही पुरत नाही. त्यानंतर विहीर, शेततळे किंवा टँकर; तेही नसेल तर भरून आणायला परत फेरी. पंप तीन तास चालला तर डिझेल, क्लच, पंपाचे सील आणि होज यांची झीज तीन तासांची होते. मीटरवर मात्र दिसतात सहा किलोमीटर. म्हणजे जवळच्या पेठेतली मोठी आग स्वस्त आणि लांबच्या वाडीतली छोटी महाग. खर्चच मोजायचा असेल तर पंप चालू आणि बंद केल्याची वेळ लॉगबुकात हवी. बऱ्याच गाड्यांच्या पंप पॅनेलवर तासांचा मीटर असतो. तो नुसता लिहून घ्यायचा आहे.

तरीही वर्दीमागे पैसे घेऊन खर्च निघणार नाही, कारण खर्च वर्दीमुळे होतच नाही. एका बंबावर चालक, लीडिंग फायरमन आणि चार फायरमन धरले, तर तीन पाळ्यांना 18 माणसे लागतात. साप्ताहिक सुटी, रजा, आजारपण धरून वर आणखी चार-पाच. महिनाभर एकही वर्दी आली नाही तरी या सगळ्यांचा पगार होतोच, आणि व्हायलाच हवा. आपण पैसे मोजतो ते ही माणसे तयार बसण्याचे. तयार बसण्याचा फायदा ज्या-ज्या गावाला आहे, त्या गावाने तो खर्च वर्षाच्या सुरुवातीला वाटून घ्यावा. ज्याचे जळले त्याच्याकडून सगळ्यांच्या वाट्याचा तुकडा वसूल करणे हा हिशेबातला गोंधळ आहे. उसाच्या फडाला आग लागली तर कारखाना जळीत उसाला कपात लावतो. त्याच शेतकऱ्याच्या हातात वर बंबाचे बिल ठेवायचे, आणि ते थकले की लेखापरीक्षणात आक्षेपाचा पॅरा निघायचा, तो स्टेशन ऑफिसरने वर्षानुवर्षे खुलासे लिहून फेडायचा. आलेली रक्कम जमा होते महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत. केंद्रातला फाटका होज त्यातून बदलला जाईल अशी कसलीही हमी नाही.

वर्गणीचा विचार निघाला की एक धोका आधीच सांगितला पाहिजे. अमेरिकेत टेनेसी राज्यात साउथ फुल्टन नावाचे छोटे शहर आहे. हद्दीबाहेरच्या ग्रामीण घरांनी वर्षाला 75 डॉलर भरले तर तिथले अग्निशमन दल यायचे. 2010 मध्ये वर्गणी न भरलेल्या एका घराला आग लागली. दल आले ते शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत, कारण शेजाऱ्याने पैसे भरले होते. घरमालक तिथल्या तिथे लागतील ते पैसे द्यायला तयार होता. घर डोळ्यांदेखत जळू दिले. घराघराकडून वर्गणी घेतली की ही वेळ कधीतरी येतेच. म्हणून वर्गणी घराची नको, गावाची हवी. आणि ती थकली तर भांडण ग्रामपंचायत आणि महापालिकेने कागदावर करावे, बंबाने नव्हे.

करार कसा असावा, तेही सांगतो. प्राधिकरणातली गावे, औद्योगिक वसाहती आणि महापालिका यांच्यात एकच करार. वाटा ठरवताना तीन गोष्टी धराव्यात : लोकसंख्या, व्यापारी व औद्योगिक बांधकामाचे क्षेत्र आणि जवळच्या केंद्रापासून अंतर. गेल्या वर्षीच्या वर्द्यांची संख्या मात्र त्यात अजिबात धरू नये; ती धरली की सरपंचच लोकांना सांगेल, 'फोन करू नका, आपला आकडा वाढतो'. लहान ग्रामपंचायतींच्या वाट्याची तूट जिल्हा नियोजन समितीतून भरून काढता येईल का, हे आपण तपासावे. समितीचे अध्यक्ष आपणच आहात. मोठ्या गावांनी वाट्यातला काही भाग वस्तूंत द्यावा. सार्वजनिक विहिरीजवळ बंब उभा राहील एवढा पक्का कट्टा, पाणी खेचणारा सक्शन होज सुटेल अशी मोकळी जागा आणि रात्री दिवा. पाणी 500 मीटरवर मिळाले तर एका बंबाचे काम दोन बंबांएवढे होते.

पुरात आपण हे न लिहिता करतोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला प्रयाग चिखली, आंबेवाडीकडे बोटी निघाल्या, तेव्हा बोटीत चढणाऱ्याला घरफाळ्याची पावती कुणी मागितली नाही.

सगळेच फुकट करा, असे आमचे म्हणणे नाही. माणूस, जनावर किंवा मालमत्ता त्या क्षणी धोक्यात असेल तर शुल्क शून्य, हद्दीत आणि हद्दीबाहेरही. ठरवून मागितलेल्या कामाला मात्र पूर्ण दर घ्यावा, आणि तो आगाऊ. सभा, प्रदर्शन, सर्कस, चित्रीकरणासाठी बंब उभा करणे, तळघरात साचलेले पाणी उपसणे, टाकी भरून देणे, फटाके स्टॉलची तपासणी, विम्यासाठी दाखल्याच्या जादा प्रती. पावसाळ्यात तळघराच्या उपशासाठी रांग लागते, कारण बांधकाम करताना स्वतःचा पंप बसवण्यापेक्षा बंब स्वस्त पडतो. तो महाग करा.

खरा पैसा इमारतीतही आहे. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने बांधकामावर अग्निशमन शुल्क घेता येते, आणि मालक किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सादर करायचे असते. प्रमाणपत्र येते, पण टाकीत पाणी आहे का, पंप 'ऑटो' वर आहे का, मजल्यामजल्यावरच्या लँडिंग व्हॉल्व्हची (आगीच्या पाण्याच्या नळाची) चाके जागेवर आहेत का, हे जाऊन बघायला माणूस लागतो. हे शुल्क वेगळ्या खात्यात ठेवून त्यातून तपासणी पथक उभे करा. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. वास्तू महापालिकेची, बंबही महापालिकेचे. त्या रात्रीचे बिल कुणाच्या नावावर फाडले असते?

आता रुग्णवाहिका. 108 ची सेवा 2014 पासून आहे आणि मोफत आहे. गरोदर माता आणि लहान बाळांसाठी 102, तीही मोफत. घोळ होतो तो यांच्या पलीकडे : एका खासगी रुग्णालयातून दुसऱ्यात, सीपीआर या सरकारी रुग्णालयातून घरी, किंवा पुण्या-मुंबईला हलवताना. तिथे महापालिकेची, ट्रस्टची किंवा खासगी गाडी लागते आणि भाडे दारात ठरते. दर ठरवण्याचा अधिकार जिल्ह्याच्या परिवहन प्राधिकरणाला आहे, आणि कोविडकाळात सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना वाजवी दर ठरवायला सांगितले होते. पण नातेवाइकाला आकडा माहीत असून भागत नाही. आकडा कशावर लावला, हे त्याला कळत नाही.

गगनबावड्याचे उदाहरण घ्या, अंतर सुमारे 55 किलोमीटर. दर 'पहिले 25 किलोमीटर, पुढे प्रति किलोमीटर' असा असेल, तर जादा किलोमीटर 30 की 85? गाडी कोल्हापुरातून रिकामी वर गेली आणि रुग्ण घेऊन खाली आली, तर 110 मधून 25 वजा. गगनबावड्यातलीच गाडी असेल आणि रिकामी परत जाणार असेल, तरी तेवढेच. दरपत्रकात 'जाऊन-येऊन' हा एक शब्द नसला, की भांडण स्ट्रेचरशेजारी होते.

ऑक्सिजनचेही तसेच. गाडीतल्या लहान 'बी' सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला 10 लिटर लावला तर अडीच तास. पुणे सुमारे 230 किलोमीटर. वाटेत रस्त्याची कामे, साडेचार तास धरा. म्हणजे 2700 लिटर, दोन सिलिंडर आणि हाताशी तिसरा. दर 'सिलिंडरमागे' आहे की 'तासामागे', हे निघण्याआधी लिहिलेले हवे. प्रेशर गेजचा निघतानाचा आणि पोहोचतानाचा आकडा पावतीवर यावा. त्यात अर्धा मिनिट जातो.

दोन गोष्टी तर आजच बंद करता येतील. राष्ट्रीय महामार्गावर रुग्णवाहिकेला आणि शववाहिकेला टोल माफ आहे, त्यामुळे किणी नाक्याचा टोल बिलात दिसता कामा नये. रुग्णाच्या वाहतुकीवर जीएसटीही नाही. या दोन ओळी आणि दरपत्रक मराठीत, ठळक अक्षरात, मागच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाहेर नको, तिथे चिखल बसतो आणि नातेवाईक आत बसलेला असतो. पावतीवर वाहन क्रमांक, प्रकार (साधी, प्राथमिक जीवरक्षक की अद्ययावत जीवरक्षक), मीटरचे सुरुवात-शेवटचे आकडे आणि निघाल्याची वेळ असावी. साधी गाडी पाठवून अद्ययावतचा दर लावण्याला त्याशिवाय आळा बसणार नाही.

महापालिकेच्या शववाहिकेचे शुल्क मात्र रद्दच करावे, जिथे असेल तिथे. कोल्हापुरात अंत्यसंस्कार महापालिका मोफत करते, होळीला लोक त्यासाठी शेणी (गोवऱ्या) दान करतात. स्मशानात पैसे घ्यायचे नाहीत आणि स्मशानापर्यंत नेण्याचे घ्यायचे, हे या गावाला शोभत नाही.

आपल्याकडे मागणी एका बैठकीची आहे. अग्निशमन महापालिकेकडे, रुग्णवाहिकेचे दर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील परिवहन प्राधिकरणाकडे, 108 आरोग्य विभागाकडे, गावे जिल्हा परिषदेकडे. या चौघांना एका टेबलावर बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात आपल्याकडेच आहे. पुढचा उसाचा हंगाम सुरू होण्याआधी ही बैठक घ्यावी. येताना मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांना तीन वर्षांचे वर्दी रजिस्टर आणि शुल्काचे पावतीपुस्तक सोबत आणायला सांगावे. हद्दीबाहेरच्या प्रत्येक वर्दीपुढे तीन रकाने आखावेत : आग प्रथम कुणाच्या नजरेस पडली ती वेळ, फोन आल्याची वेळ आणि प्रत्यक्ष वसूल झालेली रक्कम. पहिल्या दोन वेळांमधले अंतर हद्दीतल्या वर्द्यांपेक्षा किती जास्त आहे, ते आधी वाचावे. रकमेचा रकाना नंतर.

आपले,
अग्निशमन आणि आपत्कालीन सेवेच्या कामाशी परिचित काही कोल्हापूरकर

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर, मा. आयुक्त, कोल्हापूर महापालिका, मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर