पायाला काय लागलं ते विचारणाऱ्या मिस्त्री काकांना

मिस्त्री काका, नमस्कार.

तुमच्याकडून गाडी घेऊन आले त्याला आज बारा दिवस झाले. रोज पहाटे दिवे घाट उतरते आणि वडकीत पोचले की तुमची आठवण होते. त्या दिवशी पैसे देताना तोंडातून एक शब्द नीट निघाला नाही. घसा दाटला होता आणि तुमच्या पोरांसमोर रडायचं नव्हतं. म्हणून हे पत्र. तुम्ही मोबाइलवर फार वाचत नाही, पण तुमच्याकडचा एखादा पोरगा वाचून दाखवेल.

आमची पिकअप २००९ ची. आप्पांनी घेतली, त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून मी चालवते. अंजीर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तोडलेला माल दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, पहाटेच्या आत गुलटेकडीला मार्केट यार्डात पोचावंच लागतं. ब्रेकची तक्रार आहे म्हणून गाडी चार दिवस उभी करू म्हटलं, तर मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्याचं पीक, डोळ्यांदेखत सडतो.

होळीपासून ब्रेक दगा देत होता. तुमच्याआधी तीन गॅरेजं झाली, त्यांची नावं घेत नाही. पहिल्याने पुढचे पॅड बदलले, ब्रेकच्या तेलातली हवा काढली. दुसऱ्याने मास्टर सिलिंडर बदलायला लावला, त्या पैशांत खराब झालेला खरा भाग कितीतरी वेळा आला असता. तिसऱ्याने काहीच केलं नाही. गाडी सपाटीवर फिरवून आणली आणि माझ्याशी न बोलता आप्पांना फोन केला, "गाडीत काही नाही, मुलीला घाट उतरवता येत नाही. सारखी ब्रेकवर पाय ठेवत असेल. तिच्या हातात देऊ नका." मी तिथेच उभी होते.

काका, त्या वाक्याने माझं फार नुकसान केलं. मला ते खरं वाटायला लागलं होतं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी पाय दाबून बघायची, आपण कुठे चुकतो म्हणून.

मग ती पहाट. मागे अंजिराचे क्रेट, पुढे एसटी आणि वळणावर पॅडल सरळ तळाला. पंप केलं, दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या कडेला घासत गाडी थांबवली. माउलींची पालखी आषाढी वारीला निघाली की ज्या घाटाने चढते, त्या घाटात मी रस्त्याच्या कडेला बसून थरथरत होते. एका टेम्पोवाल्या दादांनी माझा माल यार्डात पोचवला आणि दुसऱ्याने गाडी बांधून तुमच्या दारात आणली. त्यांचेही उपकार आहेत, पण त्यांची नावं विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

तुमच्याकडे मी बोलायला लागले तेव्हा मागे कॉम्प्रेसर धडधडत होता. तुम्ही पोराला हाक मारून तो बंद करायला लावलात. एक गिऱ्हाईक हवा भरायला उभं होतं, त्याला म्हणालात, "पाच मिनिटं थांबा, ताई काय सांगतात ते ऐकू दे." मग ऑइलच्या उलट्या डब्यावर बसलात आणि विचारलंत, "गाडीचं राहू द्या. पायाला काय लागलं ते सांगा. पहिल्यापासून."

तीन गॅरेजांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. सासवड सोडताना पॅडल नेहमीसारखं असतं. दिवे गावात दोन-चारदा ब्रेक लागला की गाडी जड होते, कुणी मागून धरून ठेवल्यासारखी. स्टेअरिंग डावीकडे ओढतं. घाटाच्या मध्यावर जळका वास येतो आणि पॅडल मऊ होतं, फुग्यावर पाय दिल्यासारखं. यार्डात तासभर उभी राहिली की सगळं आपोआप ठीक. हे शेवटचं तुम्ही मला दोनदा म्हणायला लावलंत आणि मान हलवून म्हणालात, "गार गाडीत हे दिसणारच नाही. तुमचा पाय बरोबर सांगतोय."

तुम्ही पुढे काय काय खोललंत ते मला सगळं मांडता येणार नाही. गाडी तापवून आणलीत, जॅकवर घेतलीत, तर डावं चाक हाताने फिरेना. शेवटी डाव्या कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला, तेल नेणारा रबरी होज काढलात. बाहेरून धडधाकट. ब्लेडने उभा चिरून माझ्यासमोर धरलात, तर आतलं रबर फुगून भोक सुईएवढं उरलेलं. पाय दाबला की ब्रेकचं तेल जोराने पुढे जायचं, पाय काढला की परत यायचं नाही. पॅड डिस्कला चिकटून तापत राहायचा आणि तेल उकळायचं. त्या तेलातही पाणी मुरलेलं. नवं डॉट ३ तेल निदान २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी मुरल्यावर तेच १४० च्या आसपासही उकळू शकतं, हे मला पहिल्यांदा कळलं. तेल दबत नाही, वाफ दबते. मला जाणवत होता तो फुगा खरोखरच तिथे होता.

माझी आजी सासवडच्या एका जुन्या डॉक्टरांबद्दल सांगायची. ते आधी घरचं विचारायचे, मग नाडी धरायचे. अशी माणसं अजून आहेत, फक्त ती आपल्या वाट्याला कधी येतील ते सांगता येत नाही. ऐकून घ्यायला पैसे लागत नाहीत, पण वेळ लागतो, आणि दारात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना तो वेळ देणारा माणूस मोठ्या मनाचा असतो. तुम्ही दोन्ही बाजूंचे होज बदललेत, किट टाकलंत, तेल नवं भरलंत. हे काम दुसऱ्या कुणीही केलं असतं, फक्त त्यासाठी आधी माझं ऐकून घ्यायला हवं होतं.

रेतीच्या गोण्या टाकून घाटात ट्रायल घेतली तेव्हा स्टेअरिंग माझ्याच हाती दिलंत. शेजारी बसून एकदाही "सांभाळून" म्हणाला नाहीत. वडकीत उतरून माझा तळवा आधी डाव्या, मग उजव्या चाकाजवळ नेलात. "लावू नका, नुसता जवळ धरा. बघा, दोन्ही सारखी."

तो चिरलेला होज मी तुमच्याकडून मागून आणला आणि आप्पांच्या हातात दिला. त्यांनी बोटाने भोक चाचपलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पोरी, तुझी चूक नव्हती."

आज यार्डातून परतताना तुमच्याकडे थांबले होते, तर शटर बंद. शेजारच्या चहावाल्या मावशींकडे अंजिराची एक पाटी ठेवली आहे. वरचा थर पूर्ण पिकलेला आहे, तो आजच संपवा. खालची फळं उद्या दुपारपर्यंत चालतील. पोरांनाही द्या, कॉम्प्रेसर बंद करणाऱ्याला दोन जास्त.

तुमची,
सासवडची पिकअपवाली