ड्रॉइंग टॅबलेट हाताळून बघू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा संपल्या की पोरांचं आई-बापाच्या मागं टुमणं सुरू होतं, डिजिटल चित्रं काढायला टॅब घेऊन द्या. त्यातली बरीच मंडळी माझ्याकडे विचारायला येतात. मी मूळचा बोर्ड पेंटर. फ्लेक्स आलं, ब्रशची कामं गेली आणि चौकात लागणाऱ्या वाढदिवसाच्या 'डिजिटल' फलकांचं डिझाइन करून आता पोट भरतो. पेन टॅबलेट रोज हातात असतो, म्हणून चार गोष्टी कळतात. त्या लिहितो आणि शेवटी दुकानदार व शाळांकडे एक मागणी करतो.

बाजारात नुसता 'ड्रॉइंग टॅब' मागितला की समोर काय येईल याचा नेम नाही. आमच्या पेठेतल्या एका ताईंना एका दुकानात तीन-चारशे रुपयांची एलसीडी पाटी दिली, वर 'हाच तो' अशी खात्रीही दिली. ती पाटी अक्षर गिरवायला ठीक. कॉम्प्युटरला जोडत नाही, चित्र साठवत नाही, बटण दाबलं की सगळं पुसून मोकळी. दुसऱ्या टोकाला स्क्रीनवरच चित्र काढायचे टॅबलेट. ते पंधरा-वीस हजारांच्या पुढंच जातात. आयपॅड घ्यावा तर पेन्सिलीचे पैसे वेगळे, आणि ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल घेतलीत तर ती दाब ओळखतच नाही, म्हणजे जोर दिला की रेघ जाड, हात हलका केला की बारीक, असं तिच्यानं होत नाही, हे सांगायला काउंटरवर कोणी बसलेलं नसतं.

शिकणाऱ्या पोराला यातलं काहीच नको. त्याला लागते ती साधी काळी पाटी, बिनस्क्रीनची, यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडायची. पेन पाटीवर चालतं, रेघ समोरच्या स्क्रीनवर उमटते. वॅकॉमचा 'वन बाय वॅकॉम', ह्युऑनचा एच६४०पी, एक्सपी-पेनचा डेको ०१ ही त्यातली माहितीची नावं. लहान आकाराचा साधारण चार हजारांच्या आसपास मिळतो, दहा बाय सव्वासहा इंचांचा डेको पाच हजारांच्या आगेमागे. भाव वरखाली होत असतात, घ्यायच्या दिवशी बघावेत. तिन्हींच्या पेनात बॅटरी नसते, पाटीच त्याला वीज पुरवते. बॅटरीचं किंवा चार्जिंगचं पेन कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

खोक्यावर मोठ्या अक्षरात दाबाच्या पायऱ्या, म्हणजे पेन दाबातले किती टप्पे ओळखतं तो आकडा, छापलेला असतो. कुठे २०४८, कुठे ८१९२, आता तर १६३८४. या आकड्याला भुलू नये. मी रोज देवनागरी अक्षरं रेखाटतो, त्यावरून सांगतो. दुसरी वेलांटी काढताना पेन टेकवायचं, वळणावर दाब वाढवायचा आणि शेपूट सोडताना हात हळूहळू उचलायचा. ती शेपटी केसासारखी बारीक होत संपली पाहिजे. मधेच तुटली किंवा टोकाला ठिपका पडला तर ते पेन हलका स्पर्श ओळखत नाही. पायऱ्या २०४८ असोत की १६३८४, आधी हे बघायचं. माउसनं तर हे जमतच नाही. रबरी टोकाच्या शंभर रुपयांच्या स्टायलसनंही नाही, कारण फोनला तो बोटासारखाच वाटतो.

आकाराचं म्हणाल तर सहा बाय चारच्या पाटीवर मनगटानं काम होतं. टेबलावर जागा कमी असेल तर चालतं. ज्याला मोठे फटकारे मारायची सवय आहे त्यानं हजारभर जास्त घालून दहा इंची घ्यावा. घरी लॅपटॉप नसेल तर खोक्यावर अँड्रॉइड लिहिलंय का ते आधी बघा. ओटीजीनं, म्हणजे यूएसबी केबल फोनमध्ये घालायच्या छोट्या जोडानं, फोनला जोडता येतो, पण उभ्या फोनवर पाटीचा छोटा तुकडाच चालतो.

आणल्यावर ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपला पाटी ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवरूनच टाका. मग पाटीवर प्लॅस्टिकचं गोल झाकण ठेवून कडेनं पेन फिरवा. स्क्रीनवर गोल उमटला तर ठीक. अंडाकृती आला तर सेटिंगमध्ये पाटीचं माप स्क्रीनच्या प्रमाणात करून घ्या. हे न केल्यानं कित्येक पोरांची माणसं चपटी येतात आणि त्यांना वाटतं आपलाच हात बिघडला. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पहिली काही वर्षं पुरून उरतं. हाताकडे न बघता स्क्रीनकडे बघून काढायची सवय व्हायला मात्र एक-दोन आठवडे जातात. तेवढ्यात टॅबलेट कपाटावर टाकू नये.

याच कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा जुळवला आणि १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यामुळे 'हे काय खरं चित्र नव्हे' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

माझी मागणी अशी. ब्रश घ्यायला गेलो की आम्ही केस पाण्यात बुडवून टोक येतंय का बघतो, तळहातावर फिरवतो, दुकानदार काही म्हणत नाही. चार-पाच हजारांचा टॅबलेट मात्र बंद खोक्यातच विकत घ्यायचा. राजारामपुरी, शाहूपुरीतल्या कॉम्प्युटर दुकानदारांनी निदान एक पीस उघडा, लॅपटॉपला जोडून ठेवावा. खराब होईल ही भीती नको, झिजते ती मुख्यतः पेनाची निब, आणि जादा निबा बहुतेक खोक्यात येतातच. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांना पोरं बसवणाऱ्या शाळांनीही कॉम्प्युटरच्या खोलीत एक-दोन पाट्या ठेवाव्यात, म्हणजे पोराला खरंच गोडी आहे का, हे आई-बापाला खर्चाआधी कळेल.

माझा एक जुना लहान टॅबलेट वापराविना पडून आहे. कोणी दुकानदार किंवा शाळा तो पोरांना हाताळायला ठेवणार असेल तर फुकट देतो. केबल तेवढी नवी घालावी लागेल.

आपला,
एक बोर्ड पेंटर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर