ऑइल बदलण्याचे बिल फुगते कसे?

महोदय,

वॉरंटी संपलेल्या मोटारीचे इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलण्यापुरतेच काम सांगितले, तरी नाशिक शहरातील काही सर्व्हिस सेंटरांत इंजिन फ्लशिंग (इंजिन आतून धुणे), ॲडिटिव्ह (ऑइलमध्ये मिसळायचे द्रव्य), कन्झ्युमेबल्स (कामात खर्ची पडणाऱ्या किरकोळ वस्तू) अशा न मागितलेल्या बाबी बिलात अलगद चढतात. लहान पेट्रोल मोटारीला साधारणतः ३ ते ४ लिटर ऑइल लागते. नेमके प्रमाण आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. त्याच ग्रेडचा सीलबंद डबा व अस्सल फिल्टर पक्क्या बिलावर विकत घेऊन द्वारका किंवा अंबड भागातील खात्रीच्या मेकॅनिकला केवळ मजुरी दिल्यास खर्च बराच आटोक्यात येतो. (स्वस्त मिळते म्हणून सुटे ऑइल मात्र घेऊ नये.) काम डोळ्यांदेखत करून घ्यावे, ड्रेन प्लगचा (ऑइल काढण्याच्या छिद्राच्या बुचाचा) वॉशर नवा बसवला का, फिल्टरच्या रबरी कडेला ऑइलचे बोट फिरवले का, डिपस्टिकवरील (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरील) पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे पाहणे अवघड नाही. काढलेले काळे ऑइल गटारात, म्हणजे पर्यायाने गोदावरीत, जाता कामा नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकर्त्याकडेच जायला हवे. गॅरेजचालकांनी ऑइल, फिल्टर व मजुरीचे दर स्वतंत्रपणे दाखवणारा फलक दर्शनी भागात लावावा, ही विनंती.

– एक मोटारमालक, इंदिरानगर, नाशिक