सोनोग्राफीच्या रिपोर्टात नाळेसाठी एक ओळ हवी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

साहेब, मी मंगळवेढा तालुक्यातली आशा सेविका. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या जावेचं बाळ गेलं.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असं आलं होतं, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारी वार गर्भपिशवीच्या तोंडाजवळ होती. आठव्या महिन्यात ‘वार वर सरकली’ म्हणाले, आणि आम्ही देवापुढे साखर ठेवली. नवव्यात एका पहाटे पाणी फुटलं ते लालभडक. १०८ बोलावली, पण सोलापूर गाठेपर्यंत ठोके थांबले. बाळ पांढरंफटक होतं. वार मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. नाळ वारेला नव्हे, पाण्याच्या पिशवीच्या पडद्याला चिकटलेली, तिथून उघड्या शिरा वारेकडे गेलेल्या आणि त्यातली एक फाटलेली.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, वासा प्रीव्हिया. वार वर सरकली तरी या शिरा गर्भपिशवीच्या तोंडावर राहू शकतात. पाण्याची पिशवी फुटताना शीर फाटते आणि जातं ते बाळाचं रक्त. तीन किलोच्या बाळाच्या अंगात ते असतंच किती, पाव लिटरच्या आसपास!

साहेब, हे आधी कळू शकतं. पाचव्या महिन्यात नाळ कुठे जोडली आहे ते बघायचं. वार खाली असेल तर ३२ व्या आठवड्याच्या सुमारास आतून सोनोग्राफी करून कलर डॉपलर लावायचा, त्यात शिरांतलं वाहतं रक्त रंगात दिसतं. शिरा दिसल्या तर ३४ ते ३६ आठवड्यांत, कळा यायच्या आधी, मोठ्या दवाखान्यात सिझर. आधी कळलेली बहुतेक बाळं वाचतात.

जावेचे दोन्ही रिपोर्ट मी जपून ठेवलेत. नाळ कुठे जोडली आहे, याबद्दल त्यात एक शब्द नाही. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे ‘एफ’ फॉर्मचा रकाना मात्र कोणी रिकामा सोडत नाही, कारण मशीन सील होतं. तो धाक राहिलाच पाहिजे. तसाच एक सक्तीचा रकाना रिपोर्टात नाळेच्या जागेसाठी करा. आणि तालुक्याच्या दवाखान्यात डॉपलरचं मशीन द्या, ते चालवणारं माणूसही द्या. आज आमच्या बायका त्यासाठी मजुरी बुडवून सोलापूरला जातात. कितीतरी जणी जातच नाहीत.

जावेला आता पाचवा महिना आहे. येत्या ९ तारखेच्या मातृत्व अभियानाच्या तपासणीला मी तिला घेऊन जाणार आहे आणि नाळ कुठे जोडली आहे ते लिहून मागणार आहे.

आपली,
एक आशा सेविका, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर