काकू, त्या टोमॅटोच्या वाटीबद्दल

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री बाबांनी सूपची दुसरी वाटी मागून घेतली आणि त्यानंतर मला बराच वेळ झोप लागली नाही. तोंडावर आभार मानायला आलो असतो, तर "एवढं काय केलं मी!" म्हणत तुम्ही मला मध्येच गप्प केले असते, म्हणून हे उघड पत्र.

दात काढल्यापासून बाबांना मऊ, तरीही पोटभरीचे असे काहीतरी हवे होते. मिश्र कडधान्यांचे दाट सूप त्यांना फार आवडते, म्हणून ते घरीच करायला घेतले आणि तीनदा फसलो. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. न शिजलेले राजम्याचे दाणे ते हळूच तोंडातून काढत आणि बशीच्या कडेला ओळीने मांडून ठेवत. तिसऱ्या खेपेला त्या ओळीत १७ दाणे होते; मी मोजले.

सल्ला मागितला नव्हता असे नाही. एका नातलगांनी "त्यात काय, मऊ होईपर्यंत शिजव" असे सांगितले, जणू मी ते कडक राहावेत म्हणूनच गॅस जाळत होतो. दुसऱ्यांनी भांडे अगदी मंद आचेवर रात्रभर ठेवून खुशाल झोपायला सांगितले. राजम्यात एक विषारी घटक असतो, तो भिजवलेले पाणी फेकून नव्या पाण्यात निदान १० मिनिटे, शक्यतो ३० मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय जात नाही आणि राजमा नुसता कोमट-गरम राहिला तर त्रास वाढूही शकतो, हे मी नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला. कितीही उकळले तरी ज्या दाण्याला पाझर फुटत नाही त्याला आपण गणंग म्हणतो. माझ्या भांड्यात होते त्याहून अधिक गणंग भांड्याबाहेर होते, एवढे लिहून तो विषय सोडतो.

तुम्ही परवा जिन्यात भेटलात. "बरणीतला राजमा केव्हाचा?" हा तुमचा पहिला प्रश्न होता आणि मी खाली मान घातली, कारण तो दोन वर्षांपूर्वीचा होता; इतका जुना, उष्ण-दमट जागी राहिलेला दाणा तासन् तास शिजवूनही निबरच राहतो. तुम्ही हसला नाहीत. नवा राजमा आणून रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगितलेत. मिठाने कडधान्य निबर होते असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. प्रत्यक्षात भिजवण्याच्या पाण्यातले मीठ सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल सैल पडते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, ती गोष्ट कालच्या संध्याकाळची आहे. भांडे उकळत होते, मी सवयीने चिरलेला टोमॅटो हातात घेऊन उभा होतो आणि तेवढ्यात तुम्ही वर आलात. पळीवरचा एक दाणा घेऊन तुम्ही तो अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबून पाहिलात. मग माझ्या हातातली वाटी काढून घेतलीत, तिच्यावर ताटली झाकलीत आणि ती ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलीत. "याला अजून वेळ आहे," एवढेच म्हणालात. आधीच्या तीनही वेळा मी टोमॅटो सुरुवातीलाच घातला होता आणि आंबट पाण्यात दाण्याची साल मऊ व्हायला फार वेळ लागतो, हे तुमच्या नक्कीच लक्षात आले असणार. ते तुम्ही बोलून दाखवले नाहीत. चूक झाल्यावर ती सांगणारे मला या महिन्याभरात पुष्कळ भेटले. होऊ घातलेली चूक समोरच्याला ओशाळे न करता अशी झाकून बाजूला ठेवणे मात्र मी पहिल्यांदाच पाहिले, आणि असा चांगुलपणा शिकवून येत असेल असे मला वाटत नाही.

पुढचा तासभर तुम्ही स्टुलावर बसून होतात. राजमा आणि छोले आधी, चवळी मागाहून, मसूर सर्वांत शेवटी, हे तुम्ही केवळ मान हलवून सांगितलेत. दाटपणासाठी मी कॉर्नफ्लोअरचा डबा शोधू लागलो, तर तुम्ही शिजलेलेच दोन पळ्या दाणे बाहेर काढून घोटलेत आणि परत भांड्यात सोडलेत. मसूर तोवर आपणहून विरघळली होती. झाकलेली वाटी उघडायची वेळ आली, तेव्हा ती तुम्ही माझ्याच हातात दिलीत.

बाबांच्या बशीच्या कडेला काल एकही दाणा नव्हता.

आज रात्री पुन्हा राजमा भिजत घालतो आहे. उद्या तुम्ही आणि काका आमच्याकडेच जेवायला या, असा बाबांचा निरोप आहे.

आपला कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरचा