दगड वाजवून बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही माझं बंद पडलेलं धार लावायचं मशीन दुरुस्त केलंत आणि चहा अर्धा टाकून निघालात. पैसे विचारले तर "कंडेन्सरचे तेवढे दे" म्हणालात, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या त्या छोट्या भागाचे. तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे. आमच्या रामबागेतल्या लोकांनाही कळू दे.

तो बेंच ग्राइंडर बाबांचा. डावीकडे सहा इंची दगड, उजवीकडे बफ, म्हणजे चकाकी आणायचं कापडी चाक. गिरणी सुटल्यावर बाबांनी त्याच्यावर आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं केली. ते गेल्यापासून मी बसते. विळ्यांना, अडकित्त्यांना धार लावते, सणासुदीला लोकांच्या समया उजळून देते. या वैशाखात एके दिवशी बटण दाबलं तर नुसतं घूंऽ घूंऽ. चाक जागचं हलेना.

तीन दुकानं फिरले. एकाने झाकणसुद्धा न काढता मोटरच्या तारांचं वाइंडिंग जळल्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, "मॅडम, कबाड़ी को दे दो." तिसऱ्याने आठ दिवस ठेवून घेतलं, बाबांचा दगड काढून पिशवीत घातला, नवा बसवला आणि बिल हातात दिलं. घरी आणलं तर पुन्हा तेच घूं घूं. जुन्या दगडाचं काय बिघडलं होतं, असं परत जाऊन विचारलं तर म्हणाला, ही बायकांना समजायची गोष्ट नाही. ज्या मशीनवर मी बावीस वर्षं पोट भरलं, त्याच्याबद्दल! ते वाक्य अजून टोचतं मला.

तुम्ही आलात आणि आधी स्टँडवर हात फिरवलात. "हे गिरणीतल्या माणसाचं वेल्डिंग आहे," म्हणालात. माझ्या घशात तिथेच दाटून आलं. कंडेन्सर बदलणं, कोरडी पडलेली बेअरिंग काढून नवी घालणं, हे तुमचं अर्ध्या तासाचं काम झालं.

पण त्यानंतर तुम्ही दगड उतरवायला घेतलात. डावीकडचा नट उलट्या आट्यांचा असतो, एवढंही त्या दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. पाना लावून लावून त्याच्या कडा खाऊन टाकल्या होत्या. दोन्ही अंगांचे कागदी वॉशर गायब. तुम्ही दगड पुसलात, बोटात अडकवून टांगलात आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टिचकी मारलीत. ठप्प. मग पिशवीतला बाबांचा दगड काढून माझ्या बोटात अडकवलात, पेचकस हातात दिलात. "घे. आता तू वाजव."

टण्ण.

माठ घेताना आपण वाजवून घेतो ना, अगदी तसंच. फरक मला एका क्षणात कळला. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. नव्या दगडाला आत तडा गेला होता, वॉशर न घालता करकचून आवळल्यामुळे, असं तुम्ही म्हणालात. बाबांच्या दगडाची फक्त तोंडं बुजली होती. ड्रेसर, म्हणजे दगड खरवडायचं हत्यार, फिरवल्यावर तो पुन्हा खरखरीत झाला.

हे मशीन मिनिटाला जवळजवळ 2,800 फेरे घेतं. म्हणजे सहा इंची दगडाची कड ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते, आणि माझं तोंड तिच्यासमोर हातभर अंतरावर असतं. त्या दुकानातून आणल्यावर मशीन सुरू झालं नाही म्हणून मी धडधाकट आहे, काका. रात्री हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

आणि जाताना तुम्ही हातोडीने त्या तडकलेल्या दगडाचे तुकडे केलेत. मी म्हटलं, राहू द्या, कचऱ्यात टाकते. तर म्हणालात, "अख्खा टाकलास तर कुणीतरी उचलून बसवेल." तो कुणीतरी कोण, तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. भंगार वेचणारा एखादा पोरगा असेल. त्याला कधी कळणारही नाही. तरी भर उन्हात घाम पुसत तुम्ही त्याच्यासाठी हातोडी उचललीत. देवळात दानपेटीपुढे उभं राहून नोट दाखवणारे मी खूप पाहिले आहेत. माझ्या लेखी माणुसकी ती हातोडी आहे.

मशीन आता झकास चालतं. सुरू केलं की मी अजून एक मिनिट बाजूलाच उभी राहते, तुम्ही खांद्याला धरून सरकवलं होतं तिथेच. पदर खोचलेला, हातात मोजे नाहीत, बफवर वस्तू मध्याच्या खाली धरलेली. परवा शेजारची सोळा वर्षांची मुलगी बघायला आली होती. तिच्या बोटात दगड अडकवला आणि म्हटलं, घे, वाजव.

काकू म्हणत होत्या की तुमच्या घरची समई काळवंडली आहे. गौरी-गणपतीच्या आधी घेऊन या. बफला पॉलिशचा तपकिरी साबण लावून सोन्यासारखी करून देईन. आणि या वेळी चहा पूर्ण प्यायचा.

तुमची,
रामबागेतली विळ्यावाली